कासेच्या आजारात अँटीबॉडी तपासणी: शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात या चुका टाळा

चार-पाच शेळ्यांचं दूध एकाएकी आटतं. धारेत पिवळट पाणी आणि गुठळ्या येतात. एखादी गुडघा सुजून लंगडते, एखादीच्या डोळ्यावर पांढुरकी साय धरते. कास, सांधे आणि डोळे तिन्ही एकाच कळपात बिघडले की मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूचा संशय घ्यायलाच हवा. मग रक्त तपासायला जातं, एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी तपासणी) निगेटिव्ह येते आणि सगळे निर्धास्त होतात. इथेच घोडं पेंड खातं.

अँटीबॉडी म्हणजे जंतू नव्हे; शरीराने जंतूला दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते तयार व्हायला साधारण दोन-तीन आठवडे जातात. काल कास सुजलेल्या शेळीचं रक्त आज काढलं, तर त्यात बहुधा काहीच सापडणार नाही. एका कळपात पहिल्या निगेटिव्ह रिपोर्टवर मी विसंबलो होतो. तीन आठवड्यांनी त्याच शेळ्या पॉझिटिव्ह आल्या, पण तोवर लागण निरोगी गटात पोचली होती. तेव्हापासून मी आजारी शेळीचं दूध आधी पाठवतो, पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं) यांसाठी. पहिलं रक्तजल (सीरम) गोठवून ठेवतो, तीन आठवड्यांनी दुसरं घेतो आणि दोन्ही एकाच वेळी तपासायला सांगतो. अँटीबॉडी वाढलेली दिसली, तर तो ताज्या लागणीचा भक्कम पुरावा.

वरून निरोगी दिसणाऱ्या जनावरातही रिपोर्ट असाच फसवतो. काही जनावरं जंतू बाळगतात, विशेषतः कानाच्या आत, आणि रक्तात त्याचा मागमूस नसतो. म्हणून विकत आणलेला धडधाकट बोकड एका निगेटिव्ह एलायझावर कळपात सोडू नका. एलायझा कळपाचा अंदाज देते. एकेका जनावराच्या निर्दोषपणाची हमी ती देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जण विचारतात: किट नेमकं कोणत्या जंतूचं आहे? पुष्कळ किट फक्त मायकोप्लाझ्मा अगॅलॅक्टिई ओळखतात. मेंढ्यांत बहुतेक वेळा तोच असतो. पण शेळ्यांत मायकोप्लाझ्माच्याच मायकॉइडिस कॅप्री, कॅप्रिकोलम आणि प्युट्रिफेसियन्स या जातीही दूध आटवतात. त्यांची लागण असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह, आणि कास मात्र दगडासारखी! शिवाय सीएई (शेळ्यांचा सांधे आणि मेंदूचा आजार) घडवणाऱ्या विषाणूनेही शेळीची कास कडक होते आणि गुडघे सुजतात, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या साध्या दगडीत (कासदाहात) तर अँटीबॉडीच्या मागे लागूच नका, दुधाचं कल्चर करा.

पॉझिटिव्ह रिपोर्टही डोळे झाकून वाचायचा नसतो. लस दिलेल्या शेळीत अँटीबॉडी असणारच, नेहमीची एलायझा लस आणि लागण यांत फरक करत नाही. चीक प्यायलेल्या करडात आईच्या अँटीबॉडी काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतात. लसीची तारीख आणि वय नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहा. तीस निरोगी शेळ्यांत एकटीच काठावरच्या आकड्याने पॉझिटिव्ह आली, तर तिला लगेच कळपातून काढून टाकू नका. वेगळी बांधा, दूध तपासा, रक्त पुन्हा घ्या.

नमुना घेतानाची घाई सगळ्यावर पाणी फिरवते. दुधाचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचा. सड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या धारा टाकून द्या, नळी आडवी धरा म्हणजे केस-धूळ आत पडत नाही, आणि लगेच बर्फात ठेवा. रक्ताची नळी हलवू नका. वर सुटणारं रक्तजल फिकट पिवळं हवं. लालसर दिसलं तर पेशी फुटल्यात, नमुना पुन्हा घ्या. अख्खं रक्त कधीही गोठवायचं नाही, आधी रक्तजल वेगळं करायचं.

रिपोर्टची वाट पाहताना पेनिसिलिन टोचत बसू नका. पेनिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं, आणि मायकोप्लाझ्माला ती भित्तिकाच नसते, त्यामुळे त्याच्यावर ते चालत नाही. तेवढ्या दिवसांत आजारी शेळ्या वेगळ्या बांधा, त्यांची धार सगळ्यांत शेवटी काढा आणि त्यांचं कच्चं दूध करडांना पाजू नका.