गोदापार्कचं पाणी डांबर झालं त्याची गोष्ट

माझ्या चित्रांच्या प्रिंटच्या स्टॉलवर उभं राहून "ताई, आम्हालापण आमच्या चित्रांचे प्रिंट काढायचेत, कुठून सुरू करू" असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. वॉटरकलर येतो, स्कॅन म्हणजे काय ते माहितीये, इन्स्टावर पेज आहे, एवढं धरून चालते.

मी गोदापार्क काढते, आमच्या नाशकातला गोदावरीकाठचा बाग-रस्ता. रामकुंड आणि घाट नाशकात सगळेच काढतात, ते कागदालापण आता पाठ झाले असतील. गोदापार्कला उन्हाळ्यात पाणी तळ्यासारखं थांबलेलं असतं, कडेने पाणवेलींचा हिरवा पट्टा, चालायला आलेले काका-काकू, आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास झाडं पाण्यात उलटी दिसतात. त्या उलट्या झाडांनीच मला गाळात घातलं.

क्वार्टर शीटचं चित्र होतं. नीट स्कॅन केलं आणि ए-थ्रीचे ३० प्रिंट एकदम टाकले, का तर जास्त काढले की रेट कमी लागतो. कॉटन रॅग कागद, ३०८ जीएसएम, पिगमेंट इंक, सगळं भारीतलं. १८ हजार गेले. घरी येऊन बंडल उघडलं तर पाणी नाहीच, डांबर! उलटी झाडं गायब, पाणवेल आणि काठ एकात एक मिसळलेले. आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून देशाच्या नोटा छापतात आणि मला एक धड प्रिंट मिळेना, असं बोलून प्रिंटवाल्याशी भांडून आले. चूक त्याची नव्हती, माझ्या लॅपटॉपची होती, म्हणजे माझीच.

आता हे जरा सावकाश वाचा, कारण हे मला कोणी सांगितलं नाही. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. माझा लॅपटॉप फुल ब्राइटनेसवर असायचा, त्यामुळे गडद पाण्यातले बारीक फरकसुद्धा लख्ख दिसायचे, मी खुश, आणि मग चित्र अजून थोडं "मूडी" करायला शॅडो, म्हणजे गडद भाग, आणखी दाबल्या. कागदावर ते सगळे फरक एकाच काळ्यात बुडाले. निळ्या-हिरव्या गडद छटांना हा मार सगळ्यात जास्त बसतो, आणि पाण्याच्या चित्रात दुसरं असतं काय?

उपाय फुकट आहे. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचं, शेजारी दिवसाच्या उजेडात कोरा कागद धरायचा, आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. पहिल्यांदा वाटतं स्क्रीन बिघडली. मॉनिटरचा उजेड मोजायचं यंत्र असेल तर दर चौरस मीटरला १२० कँडेलाच्या आसपास ठेवा. मग प्रिंटवाल्याकडून त्याच कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर, त्या मशीनवर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या, सॉफ्ट प्रूफ लावा, म्हणजे प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवरच दिसतं, आणि प्रिंटसाठी वेगळी कॉपी करून तिच्यातल्या शॅडो उचला. मूळ फाइलला हात लावू नका.

आणि टेस्ट स्ट्रिप!! चित्रातला सगळ्यात काळा पाण्याचा तुकडा आणि सगळ्यात फिकट आकाशाचा तुकडा कापून एका ए-फोरवर बसवा, एकच प्रिंट काढा. दुकानात बघून हो म्हणू नका, तिथले दिवे फसवे असतात. एक रात्र वाळू द्या, सकाळी गॅलरीत बघा, रात्री घरातल्या पिवळ्या बल्बखाली बघा, गिऱ्हाईक शेवटी तिथेच लावणार आहे. हे मी ३० प्रिंटच्या आधी केलं असतं तर शंभर-दीडशे रुपयांत सुटले असते.

ज्या वर्कशॉपला मी साडेतीन हजार भरले तिथले सर म्हणायचे, "टेक्निकल सोड, फील बघ." फील स्क्रीनवर होता हो सर, कागदावर आला नाही. मला खरं शिकवलं ते रविवार कारंजाजवळच्या फ्रेमवाल्या काकांनी, त्यांनी प्रिंट उन्हाकडे तिरका धरला आणि म्हणाले, "अगं यात झाड आहे, दिसत नाहीये." मेंटॉर शोधत बसण्यापेक्षा असा माणूस शोधा, ज्याच्या हातून रोज शंभर चित्रं जातात.

बाकीचं पटकन. "सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करून आणा" हे ऑफसेट छापखान्यांचं, पिगमेंट इंकजेटला आरजीबीच (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) द्या. मोबाइलच्या फोटोवरून एआयने मोठं करून प्रिंट काढू नका, पाण्यावरच्या ब्रशच्या रेषा प्लॅस्टिकसारख्या होतात. झीक्ले या नावाने घाबरू नका, १९९१ मध्ये अमेरिकेत जॅक डुगान या प्रिंटरने काढलेला शब्द आहे तो, शेवटी इंकजेटच. काचेला प्रिंट चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

एवढं सगळं होत नाही पहिल्याच वेळी, माझंही झालं नाही, आणि तरी धंदा चालू आहे. पुढचं काम ठाण्याच्या मावशीच्या ओळखीतून आलं, मासुंदा तलावाचं, संध्याकाळचंच, गडकरी रंगायतनच्या बाजूने दिसतं तसं. तीन वेळा स्ट्रिप काढली. पाण्यातले दिवे आले, दिव्यांच्या मधला काळोखसुद्धा आला.

त्या ३० पैकी चार मी ठेवलेत. उरलेले आईने स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली घातले. म्हणते, कागद मात्र चांगला आहे गं, दोन वर्षं झाली, अजून दुमडला नाही.