बेडसे सकाळी, भाजे संध्याकाळी: प्रवासात आणि घरी चांगले फोटो कसे काढावेत

मावळात लोणावळ्याच्या आसपास कार्ले, भाजे आणि बेडसे अशी तीन लेणी आहेत. तिन्ही साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, तिन्ही एकाच जातीच्या काळ्या कातळात खोदलेली. पण कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तर बेडसे पूर्वेकडे. मी पहिल्यांदा कार्ल्याला गेलो तो सकाळी आठला. दर्शनी भिंत पूर्ण सावलीत आणि डोंगरामागचं आभाळ पांढरंफटक. घरी येऊन पाहिलं तर सगळे फोटो राखाडी. पुढच्या खेपेला दुपारी चारनंतर पोचलो. ऊन कलून समोरच्या भिंतीवर आलं होतं, पिंपळपानाच्या आकाराच्या मोठ्या कमानीतून आत शिरत होतं आणि छताच्या लाकडी फासळ्या एकेक करून मोजता येत होत्या. कॅमेरा तोच होता.

तेव्हापासून कुठेही निघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: जे टिपायचं आहे, त्याचं तोंड कुठे आहे? लेणं असो, कडा असो, पाणपक्ष्यांचा थवा असो की आपल्याच गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी असो. खाली सगळं त्याच प्रश्नाच्या ओघात सांगतो आहे.

1. निघण्याआधी दिशा काढा

मोबाईलवरचा नकाशा उपग्रहाच्या दृश्यात उघडा आणि उत्तर दिशा कुठे आहे ते पाहा. लेण्यांच्या बाबतीत डोंगर कोणत्या बाजूला आहे हे कळलं की तोंड कळतं. बहुतेक जुनी देवळं पूर्वाभिमुख असतात, म्हणजे दर्शनी बाजू सकाळची. वेरूळची लेणी मात्र डोंगराच्या पश्चिम उतारावर आहेत. आठव्या शतकातलं कैलास लेणं तिथेच आहे. सकाळी लवकर पोचून धडाधड फोटो काढणाऱ्यांना तिथे सावलीच मिळते. कैलासासाठी दुपारनंतरचा वेळ राखून ठेवा. सकाळी हवं तर आतली, उजेडावर कमी अवलंबून असलेली शिल्पं पाहून घ्या.

सूर्य वर्षभर एकाच जागी उगवत नाही हेही ध्यानात असू द्या. डिसेंबरात तो आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो, दिवसभर दक्षिणेकडून तिरपा येतो आणि दुपारीही लांब सावल्या देतो. मे महिन्यात तो थेट डोक्यावर. पुण्याच्या अक्षांशावर तर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणून वास्तू टिपायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात.

आणि सुट्टीचा वार विसरू नका: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. एवढ्या लांबून येऊन बंद फाटकाचा फोटो काढून परतणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

2. सामान कमी, तयारी जास्त

मोबाईल असेल तर सगळ्यात आधी लेन्स पुसा. खिशातला तेलकटपणा लेन्सवर बसला की प्रत्येक दिव्याभोवती धुकट वलय येतं. सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा, सुरू करा, म्हणजे क्षितिज कललेलं लगेच दिसेल. दोन बोटांनी ताणून झूम करू नका. चार पावलं पुढे जाता येत असेल तर जा, नसेल तर नंतर कातरा.

कॅमेरा असेल तर दोन लेन्स पुरतात: निसर्ग आणि वास्तूसाठी 18 ते 55 मिलिमीटरसारखी साधी झूम, पक्ष्यांसाठी 300 मिलिमीटरच्या आसपासची. जास्तीची बॅटरी आणि रिकामं कार्ड हे नव्या लेन्सपेक्षा जास्त वेळा कामाला येतं. ट्रायपॉड नेणार असाल तर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये त्याला वेगळी परवानगी लागते. ड्रोनचंही तसंच, विचारल्याशिवाय उडवूच नका.

3. डोंगर, धुकं आणि पाऊस

सह्याद्रीचा चेहरा पश्चिमेकडे आहे. कोकणात कोसळणारे कडे सकाळी सावलीत असतात आणि संध्याकाळी तांबूस होतात. उलट, कड्यावर उभं राहून खालचं कोकण टिपायचं असेल तर सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि दरीतल्या डोंगररांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या दिसतात. राजगडावर मुक्काम असेल तर हे फार छान जुळून येतं: पूर्वेची सुवेळा माची पहाटेसाठी, पश्चिमेची संजीवनी माची संध्याकाळसाठी आणि मध्ये बालेकिल्ला. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांमध्ये राजगड आहे, तेव्हा गर्दी वाढणार हे धरून चाला आणि पहाटे अंधारातच माचीवर जाऊन बसा.

धुक्यात कॅमेरा फसतो. समोर सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाईलवर पडद्याला बोट लावा, सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. काळ्या कातळाच्या बाबतीत नेमकं उलटं: कॅमेरा त्याला उगाच उजळवतो आणि बेसॉल्ट सिमेंटसारखा दिसतो. तिथे अर्धा स्टॉप खाली या. या एका सवयीने सह्याद्रीतले निम्मे फोटो सुधारतात असा माझा अनुभव आहे.

धबधब्याचं पाणी दुधासारखं वाहतं दिसायला हवं असेल तर शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, पाव सेकंदाच्या आसपास ठेवा आणि कॅमेरा दगडावर टेकवा. थेंब गोठवायचे असतील तर 1/500 सेकंद किंवा त्याहून वेगवान. पावसाळ्यात ओल्या पानांवर जी चकाकी येते ती पोलरायझर फिल्टरने जाते आणि खरा हिरवा रंग दिसतो. मोबाईल हिरव्या रंगाला उगाच भडक करतो. घरी आल्यावर तो थोडा उतरवा. आपला श्रावण मुळातच पुरेसा हिरवा असतो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं, म्हणजे धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती उमटलेलं गोल इंद्रधनुष्य. त्यासाठी सूर्य पाठीमागे आणि धुकं समोर, खालच्या अंगाला हवं. कडा पश्चिमेला असल्यामुळे ऊन पाठीशी घ्यायचं तर सकाळ हवी. दिसलं तर एक्स्पोजर थोडं कमी करून पटापट पाचसहा फोटो घ्या, काही क्षणांत विरून जातं. पण कॅमेऱ्यातून बघत कड्यावर एकही पाऊल टाकू नका. आधी बसा, मग फोटो काढा.

कास पठाराला ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर बहर असतो. तिथे मोह होतो तो फुलांत बसून फोटो काढण्याचा. एका बैठकीत शेकडो रोपं चिरडली जातात. आखलेल्या वाटेवरच गुडघे टेका, मोबाईल जमिनीलगत धरा, जवळचं एक फूल मोठं येऊ द्या आणि मागे सगळं पठार पसरू द्या. गालिच्यात उभं न राहताही गालिचा दिसतो.

4. लेणी, देवळं, वाडे

वास्तूचा फोटो बिघडतो तो मुख्यतः कॅमेरा वर कलवल्यामुळे. दीपमाळ किंवा शिखर पूर्ण यावं म्हणून आपण मोबाईल मागे झुकवतो आणि इमारत पाठीवर पडल्यासारखी दिसते. त्याऐवजी मागे सरा, मोबाईल उभा आणि सरळ धरा, जमिनीचा जास्तीचा भाग आला तरी चालेल, नंतर कातरता येतो. जागा नसेल तर वर चढा. कैलास लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणारी वाट आहे; वरून पाहिल्यावरच लक्षात येतं की हे देऊळ कळसापासून पायाकडे असं वरून खाली कोरत आणलं आहे. समोरून काढलेल्या कुठल्याही फोटोत हे येत नाही. कठड्याशी एखादा माणूस उभा असेल तर त्याला चौकटीत राहू द्या. त्याच्यामुळेच आकार कळतो.

शिल्पांना समोरचं ऊन मानवत नाही. ते बाजूने तिरपं आलं तरच नाक, ओठ आणि दागिन्यांची कोरीव रेघ उठून दिसते. बेडशाच्या खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत. समोर न कोरता ठेवलेला कातळ असल्यामुळे तिथे शिरायला अरुंद बोळ आहे, आणि सकाळचं ऊन आलं की त्या चेहऱ्यांवर हळूहळू सरकत जातं. अर्धा तास एकाच जागी थांबा. दर पाच मिनिटांनी तेच शिल्प वेगळं दिसतं. मी तिथे एका खांबाचे वीस फोटो काढले आणि त्यातला सतरावा ठेवला.

अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश पूर्ण बंद. हे रंग शतकानुशतकं टिकले ते अंधारामुळेही, आणि प्रखर उजेडाने ते फिके पडतात. मोबाईलचा फ्लॅश आपोआप उडणार नाही याची खात्री लेण्यात शिरण्याआधीच करा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 1600 ते 3200, लेन्सचं तोंड जेवढं उघडता येईल तेवढं, कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास सोडता सोडता बटण दाबा. भिंतीला किंवा खांबाला पाठ टेकवू नका. तिथेही रंग आहे. थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो चालणार नाही.

जागृत देवळात गाभाऱ्याचा फोटो पुजाऱ्यांना विचारूनच. नाही म्हणाले तर सभामंडपाच्या खांबांवर पडणारे कवडसे टिपा, तेही कमी सुंदर नसतात.

5. प्राणी आणि पक्षी

इथे तोंड हलतं आहे, म्हणून आपण आपली जागा ठरवायची. नियम सोपा: ऊन आपल्या पाठीशी, डोळा आपल्या डोळ्याच्या पातळीवर, फोकस त्या प्राण्याच्या डोळ्यावर. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर किमान 1/500, उडत्यासाठी 1/1600 किंवा 1/2000. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर बिनधास्त वाढवा.

सुरुवात करायला उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं भिगवण उत्तम. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात आणि स्थानिक मंडळी होडीतून नेतात. नावाड्याला आधीच सांगा, ‘दादा, ऊन पाठीमागे राहील असं घ्या, आणि लांबूनच इंजिन बंद करा.’ थवा उडालेला दिसावा म्हणून होडी त्यांच्या अंगावर घालायला सांगणारे लोक असतात. कृपा करून सांगू नका. ते पक्षी तिथे पोट भरायला आलेले असतात, प्रत्येक उड्डाणात त्यांची ताकद जाते. शांत बसलात तर ते आपणहून जवळ चरत येतात, आणि पाण्यातलं प्रतिबिंबही मोडत नाही.

ताडोब्याच्या व्याघ्र प्रकल्पात सफारीला मोबाईल नेता येत नाही, म्हणून कॅमेराच हवा. गाडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवा, त्यात दोन किलो तांदूळ भरा, गाडीच्या कडेवर ठेवा आणि वर लेन्स टेकवा. वाघ दिसला की सगळेच त्याचं तोंड चौकटभर भरतात. एकदा झूम मागे घेऊन बघा: बांबूच्या रानात, उन्हाच्या पट्ट्यांत चालणारा छोटासा वाघ. तो कुठे राहतो हे त्याच फोटोत कळतं. कोअर, म्हणजे जंगलाच्या गाभ्याचं क्षेत्र, 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंद असतं.

घरट्याचे फोटो काढू नयेत असं माझं ठाम मत आहे. आडोशाची फांदी बाजूला केली की कावळ्याला वाट दिसते, आणि घाबरलेले पक्षी घरटं सोडूनही जातात. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही तसंच. दुर्मीळ प्राणी दिसला तर फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका.

6. घरी

कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीकडे रोज दोन मिनिटं बघा. कॉमन मॉरमॉन हे काळं फुलपाखरू तिथे अंडी घालतं. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, मग कोष. साधारण महिनाभरात सगळा प्रवास एकाच कुंडीत होतो. रोज त्याच वेळी, त्याच बाजूने एक फोटो काढा. फार जवळ गेल्यावर मोबाईल फोकस घेत नसेल तर वीतभर मागे या. उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला तर सावलीतली अळीही उजळते. पानं तोडताना मात्र त्या फांदीला हात लावू नका, घरातही तसं सांगून ठेवा.

जास्वंदीवर शिंजीर (मध पिणारा इवलासा पक्षी) येत असेल तर तो बरेचदा रोज जवळपास त्याच वेळी येतो. पडद्याआड खुर्ची टाका, खिडकी आधीच उघडून ठेवा आणि फुलावर फोकस करून वाट बघा.

7. परतल्यावर

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लेन्सवर बुरशी चढते आणि ती सहसा पूर्ण जात नाही. कॅमेरा कापडाने कोरडा करा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चामड्याच्या पिशवीत नको, ती ओल धरते. एसीच्या खोलीतून दमट हवेत नेताना पिशवी अर्धा तास बंदच असू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं.

फोटो त्याच रात्री दुसऱ्या जागी उतरवून घ्या. शंभरातले दहा ठेवा. आणि प्रत्येक जागेसाठी वहीत एक ओळ लिहा: ठिकाण, महिना, वेळ, ऊन कुठे होतं. माझ्या वहीत कार्ल्यापुढे लिहिलं आहे, ‘जानेवारी, साडेचार, ऊन दाराच्या आत. पुढच्या वेळी पाऊण तास उशिरा, फाटक कधी बंद होतं ते विचारून.’