वॅटपासून युनिटपर्यंत: घरातल्या विजेचा हिशेब कसा करावा

उपकरणाच्या मागच्या पट्टीवरचा आकडा वॅटमध्ये असतो आणि वीजबिलावरचा युनिटमध्ये. घरगुती विजेच्या हिशेबातले बहुतेक घोळ या दोहोंची सांगड न घातल्यामुळे होतात. वॅट हे शक्तीचे एकक आहे. दर सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा खर्च होत असेल, तर ती शक्ती एक वॅट. बिलावरचे युनिट हे मात्र ऊर्जेचे माप असून ते एका किलोवॅट-तासाइतके असते, म्हणजे १००० वॅटचे उपकरण सलग तासभर चालले की एक युनिट, अर्थात ३६ लाख ज्यूल, खर्ची पडते. ‘किलोवॅट प्रति तास’ असे अनेकदा छापलेले दिसते, ते चूक आहे, कारण येथे तासांनी भागायचे नसून गुणायचे असते.

रीत सोपी आहे: वॅटच्या आकड्याला वापराच्या तासांनी गुणावे आणि १००० ने भागावे. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ६ तास लावला, तर ३० दिवसांत १.६२ युनिट होतात. त्याच जागी ६० वॅटचा जुना तारेचा दिवा असता, तर १०.८ युनिट झाले असते. बंद दिसणारे पण प्लगला जोडलेले एखादे उपकरण सतत ५ वॅट घेत असेल, तर त्याचेही वर्षाकाठी जवळजवळ ४४ युनिट होतात.

मोठा वॅट म्हणजे मोठे बिल, हा समज मात्र तपासून घ्यावा. १५ लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ०.५२ युनिट ऊर्जा लागते, मग गिझर कोणताही असो. २००० वॅटचा गिझर त्यासाठी साधारण १६ मिनिटे घेईल आणि ३००० वॅटचा साडेदहा मिनिटे. टाकीतून निसटणारी थोडी उष्णता सोडली, तर खर्च तोच. बचत होते ती पाणी कमी वापरल्याने किंवा कमी तापवल्याने, गिझर लहान वॅटचा घेतल्याने नव्हे.

पट्टीवर वॅट नसून फक्त व्होल्ट आणि अँपिअर असतील, तर त्यांचा गुणाकार करावा. इस्त्री, शेगडी अशा तापणाऱ्या उपकरणांसाठी हा गुणाकार म्हणजेच वॅट. मोटर असलेल्या उपकरणांत त्याला शक्तिगुणकाने, म्हणजे पॉवर फॅक्टरने, गुणावे लागते आणि तो एकापेक्षा जास्त कधीच नसतो. पंपावरचा एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, पण हे मोटर देत असलेले काम असल्याने प्रत्यक्ष ओढ त्याहून जास्त असते. एसीचा ‘टन’ तर विजेचे माप नव्हेच. एक टन म्हणजे खोलीतून सुमारे ३.५ किलोवॅट या दराने उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. त्यासाठी लागणारी वीज बरीच कमी असते आणि ती पट्टीवर ‘इनपुट पॉवर’ या नावाने वेगळी दिलेली असते.

कागदावरचा हिशेब मीटरवर पडताळून पाहता येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर बहुधा एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि एका किलोवॅट-तासाला तो किती वेळा लुकलुकतो हे शेजारीच लिहिलेले असते. तो आकडा ३२०० आहे असे धरू. घरातली बाकीची सर्व उपकरणे बंद करून एकच चालू ठेवावे, आणि एका लुकलुकीला घड्याळ सुरू करून त्यापुढच्या दहा लुकलुकींना लागणारा वेळ मोजावा. दहा लुकलुकी म्हणजे ३.१२५ वॅट-तास; त्यांना १५ सेकंद लागले, तर तासात असे २४० टप्पे बसतात, म्हणून त्या क्षणीची शक्ती ७५० वॅट. सगळे बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर प्लगला काहीतरी जोडलेले राहिले आहे का, हे आधी पाहावे. यासाठी मीटरला हात लावण्याची गरज नाही आणि त्याचे सील तर मुळीच तोडू नये.

फ्रिजला ही पद्धत लागू पडत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो आणि पट्टीवरच्या वॅटला २४ तासांनी गुणल्यास उत्तर भलतेच फुगते. त्याच्यासाठी प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये बसणारा ऊर्जामापक वापरावा आणि तो किमान २४ तास तसाच ठेवून मगच त्यावरचे युनिट वाचावेत.