सुरगाठ हवी, निरगाठ नको : गावातल्या दोन झेंडावंदनांची तयारी

यंदा 15 ऑगस्टच्या आणि 17 सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, झेंडावंदनाची जबाबदारी तुमच्याकडे आली असेल तर आधी गाठ शिका. भाषणं, रांगोळी, खाऊ हे सगळं नंतर. हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत मी 27 वर्षं शिकवते आहे. सगळा गाव मैदानात जमलेला असताना त्या दिवसाचं काय होणार हे एका गाठीवर ठरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका शाळेत 15 ऑगस्टला पहाटेपासून भुरभुर होती. दोरी सुती, रात्रभर भिजून फुगलेली. पाहुण्यांनी ओढली तर गाठ सुटायच्या ऐवजी आणखी आवळली. दोन-तीन हिसके दिले, तरी नाही. सातवीतलं एक लेकरू खांबावर चढायला धावलं, त्याला मी दंडाला धरून मागं ओढलं. शेवटी घडी खाली घेतली, सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा चढवली. तेवढा वेळ गावातले सगळ्यात म्हातारे आजोबा काठी टेकून ताठ उभे होते. खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत. त्या दिवसापासून ध्वज मी स्वतः बांधते.

गाठ अशी. स्वच्छ सतरंजी अंथरा, ध्वज जमिनीला लागू देऊ नका. ज्या टोकाला लाकडी गुटका आहे ते वरचं, केशरी टोक. हे दोनदा बघा आणि दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा, कारण उलटा ध्वज वर गेल्यावरच ध्यानात येतो. लांबीत दोनदा दुमडा, मग मोकळ्या कडेकडून दोरीच्या कडेकडे घडी घालत या. शेवटच्या दोन घड्यांत झेंडूच्या किंवा गुलाबाच्या पाकळ्या ठेवा. ध्वजसंहितेत त्याला मोकळीक आहे. फक्त पाकळ्या कोरड्या हव्यात, ओल्या चिकटून बसतात. आता हिरव्या टोकाकडून खाली येणारी दोरी घडीभोवती एकदाच गुंडाळा आणि त्याच दोरीचा दुमडलेला फास त्या वेढ्याखालून सरकवा. फास, टोक नव्हे. टोक ओवलं की निरगाठ होते आणि मग ती ओढून सुटत नाही. खालून ओढलं की फास निसटला पाहिजे, घडी उघडली पाहिजे. ही सुरगाठ. परकराच्या नाडीला आपण रोज मारतो तीच.

आदल्या दिवशी दुपारी दोरी बादलीत भिजवून याच गाठीची पाच-सहा वेळा तालीम करा. ऑगस्टात पाऊस धरूनच चालायचं. नायलॉनची दोरी फुगत नाही, पण तिची गाठ वर जाता जाता आपोआप सुटते, म्हणून मला सुतीच बरी वाटते. कप्पीला तेलाचे दोन थेंब द्या.

ध्वज कुठला घ्यायचा? लांबी-रुंदीचं प्रमाण 3 ला 2, मधल्या चक्राला 24 आरे. आमच्या शाळेचा 1350 बाय 900 मिलिमीटरचा आहे, खादीचा. ध्वजसंहितेतल्या 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर विणलेला ध्वजही चालतो. पण खादीचा राष्ट्रध्वज आपल्या नांदेडच्या खादी समितीत तयार होतो. लेकरांना सांगायला तेवढं पुरे आहे की हा ध्वज शेजारच्या जिल्ह्यातून आला. विटलेला, फाटलेला ध्वज लावू नका. तो फेकायचाही नाही, एकांतात आदरानं जाळायचा.

ध्वज कोण फडकवणार हे आठ दिवस आधी ठरवा आणि सगळ्यांना कळवा. कट्ट्यापाशी मानपानावरून झालेला वाद लेकरं वर्षभर विसरत नाहीत.

आता 17 सप्टेंबरकडे येते, कारण माझा सगळा जीव तिथं आहे.

माझी आजी म्हणायची, "आमचं सोतंत्र्य वर्षानं आलं माय." देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच दिवशी हैदराबादेत मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. पुढचं वर्ष रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, दहशतीचं. आमच्या भागातली गावंच्या गावं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेड-पुसदकडं गेली, कारण नदीपलीकडं भारत होता. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. म्हातारी माणसं आजही त्याला "ॲक्शन" म्हणतात, म्हणजे पोलीस ॲक्शन. असं तारखेचं वेगळेपण आपल्या एकट्याचं नाही. गोव्याला 19 डिसेंबर 1961 पर्यंत थांबावं लागलं.

एवढं सगळं असून 17 सप्टेंबरला पुष्कळ ठिकाणी 15 ऑगस्टचीच भाषणं पुन्हा होतात. "मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्तानं ऐकावे," आणि पुढं पाठ केलेला उतारा. लेकरांचा त्यात दोष नाही, आपण त्यांना दुसरं काही दिलेलं नसतं. म्हणून 15 ऑगस्ट झाला की चौथीपासूनच्या प्रत्येकाला घरी विचारायला पाच प्रश्न द्या. "स्वातंत्र्य म्हणजे काय" असं विचारायला लावू नका, त्याचं उत्तर कुणालाच येत नाही. हे विचारा : त्या वर्षी पेरणी झाली होती का? दागिने कुठं लपवले? गाव सोडलं तेव्हा सोबत काय घेतलं? कोण मागं राहिलं? परत आल्यावर घरात काय शिल्लक होतं?

उत्तरं ऐकताना अंगावर काटा येतो. एका मुलीनं आणलं, की पणजीनं जात्याचा खुंटा बरोबर नेला होता, कारण तो तिच्या माहेरचा होता. एकाच्या घरचं पितळेचं भांडं बळदातल्या ज्वारीत पुरलेलं, ते परत आल्यावर तसंच सापडलं. माझ्या आजीच्या कनवटीला हाली रुपये होते. निजामाचं नाणं वेगळं, पलीकडं भारताचा कलदार रुपया चालायचा. नदी ओलांडल्यावर पहिल्या दुकानात तिनं लेकरासाठी गूळ मागितला, तर दुकानदारानं नाणं उलटसुलट करून बघितलं, परत तिच्या हातावर ठेवलं आणि गूळ तसाच दिला. त्यातला एक हाली रुपया माझ्याजवळ आहे. दर 17 सप्टेंबरला मी तो वर्गात फिरवते. काळपट, जड, मधोमध चारमिनार. आधी हातात देते, बोलते नंतर.

ज्यांना 1948 प्रत्यक्ष आठवतं ते आता ऐंशीच्या पुढं आहेत. तुमच्या गावात असं एक जरी माणूस असेल तर त्यांना घरून आणा, पहिल्या रांगेत बसवा, बोलतील तेवढं बोलू द्या, आणि मोबाइलवर आवाज भरून घ्या. माझ्या आजीचा आवाज मी भरून घेतला नाही, ही खंत मला शेवटपर्यंत राहणार.

एक जबाबदारी मात्र डोक्यात ठेवा. वर्गात मुसलमान लेकरं असतात. रझाकार म्हणजे त्यांचे आजोबा, असा अर्थ चुकूनही निघता कामा नये. रझाकारांविरुद्ध लिहिणारे "इमरोज" या वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला, हे त्याच दिवशी सांगायचं. ॲक्शननंतर कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांचेही फार हाल झाले, तेही सांगायचं. त्यांच्या घरातल्या आठवणी इतरांइतक्याच आग्रहानं मागून घ्या. आणून दिल्या तर पहिल्यांदा त्या वाचा.

15 ऑगस्टला प्रभातफेरी, बुंदी झाली की मोठी माणसं घराकडं वळतात. त्यांना ग्रामसभेला थांबवा. तिथं खाली बसून का होईना, एक प्रश्न विचारा : पाण्याच्या टाकीचा, रस्त्याचा, घरकुलाच्या यादीचा. आजीच्या काळात असा जाब विचारायची सोय नव्हती. बाया मागं उभ्या राहतात, त्यांच्यासाठी पुढची सतरंजी मोकळी ठेवा.

दुपारी दोन पोरांना पिशवी देऊन मैदानात आणि रस्त्यावर फिरवा. हातातले कागदी झेंडे चिखलात पडलेले असतात, ते सगळे गोळा करायचे.

आणि संध्याकाळ विसरू नका. जुलै 2022 पासून नागरिकांना रात्रीही ध्वज ठेवता येतो, पण आम्ही सूर्यास्ताला उतरवतो. सकाळी दोनशे माणसं असतात, संध्याकाळी मात्र मी आणि शाळेशेजारची दोन-तीन लेकरं. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश, असा नियम आहे. दोरी हातातून हळूहळू सोडायची, खाली एकानं दोन्ही हात पसरून ध्वज झेलायचा. केशरी आणि हिरवी पट्टी पांढरीच्या खाली दुमडायची, मग दोन्ही बाजू आत घ्यायच्या, वर चक्र आणि केशरी-हिरव्या पट्टीचा थोडा भागच दिसला पाहिजे. ती घडी ज्या लेकराच्या तळहातावर ठेवाल ते कार्यालयातल्या कपाटापर्यंत एक शब्द बोलत नाही. ध्वज भिजलेला असेल तर आधी घरात पसरून वाळवा. दोरीही सोडून सावलीत टाका, 17 सप्टेंबरला तीच लागणार आहे.