केम्प्टनच्या हिवाळी अडथळा-शर्यतींचा पूर्व-आढावा कसा लिहावा

मुंबईचे महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यती ज्याने जवळून पाहिल्या आहेत, त्याला रेसबुक वाचणे, पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात) घोड्याची चाल निरखणे आणि हँडिकॅपमधील, म्हणजे घोड्यांच्या कुवतीनुसार वजन ठरवलेल्या शर्यतींतील, वजनांचा हिशेब मांडणे नवे नसते. तरीही इंग्लंडमधील हिवाळी अडथळा-शर्यतींचा पूर्व-आढावा लिहायला बसल्यावर या अनुभवातला निम्माच भाग कामी येतो, कारण तेथील घोडे, अंतरे, वजने आणि जमीन यांचे गणितच वेगळे आहे. आपल्याकडची इंडियन डर्बी ४ वर्षांच्या घोड्यांची, २४०० मीटरची, आणि त्यात नर घोड्याच्या पाठीवर ५७ किलो वजन असते. केम्प्टन पार्कची किंग जॉर्ज सहावा चेस (चेस म्हणजे उंच, घट्ट अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची शर्यत) ३ मैलांची, म्हणजे सुमारे ४८०० मीटरची आहे. तिच्यात १८ अडथळे ओलांडायचे असतात आणि घोड्याच्या पाठीवर ११ स्टोन १० पौंड, म्हणजे साधारण ७४ किलो वजन असते. डेझर्ट ऑर्किड आणि कॉटो स्टार या दोन नामांकित घोड्यांनीही आपला या शर्यतीतील शेवटचा विजय ११ वर्षांचे असताना मिळवला होता.

या लेखात उदाहरणासाठी २६ डिसेंबरचा हाच केम्प्टनचा दिवस घेतला आहे. लंडनच्या नैर्ऋत्येस, थेम्स नदीजवळच्या सनबरी येथे हे मैदान आहे. किंग जॉर्ज चेस १९३७ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, ती नाताळच्या दुसऱ्या दिवशी धावली जाऊ लागली. एका मैदानाच्या आधारे पद्धत पक्की झाली की चेल्टनहॅम, एन्ट्री (Aintree) किंवा हेडॉक या मैदानांसाठीही तीच वापरता येते.

मैदानापासून सुरुवात करावी

घोड्यांची नावे पाहण्याआधी मैदान समजून घ्यावे. केम्प्टनचा मार्ग उजवीकडे वळणारा, जवळजवळ सपाट आणि त्रिकोणी आकाराचा आहे. महालक्ष्मीचे घोडेही उजव्या हातालाच वळतात, त्यामुळे आपल्या वाचकाला दिशेची कल्पना सहज येते. मात्र उजवे वळण अडथळा-शर्यतीत अधिक महत्त्वाचे ठरते. काही घोडे उडी घेताना सवयीने डावीकडे झुकतात. उजव्या वळणाच्या मैदानावर असा घोडा प्रत्येक उडीला बाहेर सरकत राहतो आणि १८ उड्यांत मिळून बरेच अंतर गमावतो. उलट डेझर्ट ऑर्किडसारखा घोडा उजव्या हाताच्या मैदानावर खुलत असे. त्याने ही शर्यत १९८६, १९८८, १९८९ आणि १९९० अशी ४ वेळा जिंकली. त्यामुळे प्रत्येक घोड्याने याआधी उजव्या वळणावर काय केले आहे, हा आपल्या टिपणातला पहिला रकाना असावा.

दुसरी गोष्ट चढाची. चेल्टनहॅमला शेवटचा टप्पा चढणीचा आहे आणि तेथे केवळ दमसासावर घोडे पुढे येतात. केम्प्टनला अशी चढण नाही. येथे वळणावर वेग राखणारा, उडी मारून लगेच पुन्हा धावू लागणारा घोडा लागतो, आणि अडीच मैलांवर चमकलेला घोडाही ३ मैल निभावून नेऊ शकतो. ‘हा घोडा ३ मैल टिकेल का?’ हा प्रश्न चेल्टनहॅमच्या आढाव्यात जितक्या काळजीने विचारावा लागतो, तितका तो केम्प्टनच्या आढाव्यात निर्णायक नसतो.

जमीन कशी वाचावी

हिवाळी शर्यतींच्या आढाव्याचा हा सर्वांत कसदार भाग आहे आणि त्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. इंग्लंडच्या हिवाळ्यात सूर्य इतका कमकुवत असतो की एकदा मुरलेले पाणी सहजासहजी सुकत नाही. त्यामुळे एका आठवड्याच्या पावसाचा परिणाम पुढील अनेक दिवस राहतो. जमिनीची अधिकृत वर्णने कोरड्याकडून ओल्याकडे पाहता साधारण ‘गुड’, ‘गुड टू सॉफ्ट’, ‘सॉफ्ट’ आणि ‘हेवी’ अशी असतात. केम्प्टनच्या जमिनीतून पाण्याचा निचरा चांगला होतो. त्यामुळे इतर मैदानांवर चिखल असतानाही येथे बहुधा त्यापेक्षा बरी जमीन मिळते, आणि नोव्हेंबरमध्ये हेडॉकच्या जड चिखलात १० लांबीने (लांबी म्हणजे एका घोड्याच्या शरीराइतके अंतर) जिंकलेला घोडा येथे त्याच ताकदीने धावेलच असे मानता येत नाही.

आपल्या वाचकाची येथे एक हमखास गफलत होऊ शकते. मुंबई-पुण्यात जमिनीची स्थिती पेनिट्रोमीटरने सांगितली जाते आणि त्या मापात आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. इंग्लंडमध्ये गोइंगस्टिक नावाचे उपकरण वापरतात. ते जमिनीत किती जोराने रुतते आणि रुतल्यावर ओढताना माती किती विरोध करते, या दोन्ही गोष्टी मोजते. तेथे आकडा जितका मोठा तितकी जमीन टणक. मराठी आढाव्यात गोइंगस्टिकचा आकडा द्यायचा असेल, तर त्याचा अर्थ त्याच वाक्यात सांगावा.

दंव आणि बर्फ यांचा विचार अगदी वेगळा करावा लागतो. पावसाने जमीन जड होते, पण शर्यत होऊ शकते. गोठलेल्या जमिनीवर मात्र उडी मारून उतरणाऱ्या घोड्याच्या पायांना धोका असतो, म्हणून अधिकारी पहाटे पाहणी करून पूर्ण दिवस रद्दही करतात. २०१० ची किंग जॉर्ज चेस याच कारणाने पुढे ढकलावी लागली आणि १५ जानेवारी २०११ रोजी धावली गेली. ती लाँग रनने जिंकली आणि त्याआधी सलग ४ वर्षे जिंकलेला कॉटो स्टार तिसरा आला. रात्रीचे तापमान शून्याखाली जाण्याचा अंदाज असल्यास, मैदानावर दंवापासून रक्षण करणारी आच्छादने घातली आहेत की नाहीत आणि पाहणी कोणत्या वेळी आहे, हे आढाव्याच्या वरच्या भागातच द्यावे. स्वच्छ आकाश असेल तर आणखी एक शक्यता लक्षात घ्यावी. डिसेंबरच्या दुपारी सूर्य इतका खाली असतो की समोरून ऊन येणाऱ्या सरळ टप्प्यातले काही अडथळे कधीकधी वगळले जातात. अडथळे कमी झाले की सुरेख उड्या मारणाऱ्या घोड्याचा फायदा कमी होतो आणि निव्वळ वेगवान घोड्याचा वाढतो.

रेसकार्डातील खुणा

रेसकार्डात, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींतील घोड्यांच्या यादीत, घोड्याच्या नावाशेजारी त्याच्या मागील धावांतील क्रमांकांचे आकडे असतात; ते डावीकडून उजवीकडे वाचावेत. सर्वांत उजवीकडचा आकडा शेवटच्या धावेचा असतो. आडवी रेघ हंगाम बदलल्याचे सांगते आणि तिरपी रेघ त्याहून मोठा खंड. अडथळा-शर्यतींत आकड्यांमध्ये अक्षरेही येतात. ‘एफ’ म्हणजे घोडा पडला, ‘यू’ म्हणजे घोडा उभा राहिला पण जॉकी खाली गेला, ‘बी’ म्हणजे दुसऱ्या घोड्यामुळे तो पाडला गेला, आणि ‘पी’ म्हणजे जॉकीने त्याला आवरून शर्यतीबाहेर काढले. या चार अक्षरांना एकाच मापाने तोलू नये. ‘बी’मध्ये घोड्याचा दोष नसतो. ‘एफ’ कोणत्या अडथळ्यावर आणि कोणत्या वेगात पडला हे पाहिल्याशिवाय काहीच सांगत नाही. माझ्या मते सर्वांत गंभीर अक्षर ‘पी’ आहे, विशेषतः ते लागोपाठ दोनदा आले असेल तर, कारण त्यामागे बहुधा श्वासाचा त्रास, दुखणे किंवा घोड्याचे मन उडालेले असते.

श्वासाच्या शस्त्रक्रियेची नोंदही पाहावी. २०१८ पासून ब्रिटनमध्ये घोड्यावर अशी शस्त्रक्रिया झाली असल्यास, त्यानंतरच्या पहिल्या धावेला ती रेसकार्डात दाखवणे बंधनकारक आहे. मागील धावेत शेवटच्या अर्ध्या मैलात कोलमडलेला घोडा शस्त्रक्रियेनंतर परत येत असेल, तर जुन्या आकड्यांवरून त्याला निकालात काढणे अन्यायाचे होईल.

आधीच्या शर्यतींचे वजन

किंग जॉर्ज चेसमध्ये येणारे घोडे साधारण चार-पाच ठरावीक वाटांनी येतात: वेदरबीची चार्ली हॉल चेस, हेडॉकची बेटफेअर चेस, अॅस्कॉटची नोव्हेंबरातील चेस, आणि आयर्लंडमधून डाउन रॉयल किंवा पंचेस्टाउन. प्रत्येक शर्यतीच्या निकालाकडे तीन प्रश्न घेऊन जावे. जमीन कशी होती? किती घोड्यांशी खरी लढत झाली? आणि उड्या कशा होत्या? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर छापील निकालात मिळत नाही. त्यासाठी शर्यतीचे चित्रीकरण पाहावेच लागते. ज्या घोड्याने एकेका अडथळ्यावर एकेक लांबी कमावली, तो दुसरा आला असला तरी केम्प्टनला उपयोगी आहे.

आयर्लंडचे घोडे आले नाहीत तर त्याचाही अर्थ लावावा. लेपर्डस्टाउनचा चार दिवसांचा नाताळ महोत्सव त्याच २६ डिसेंबरला सुरू होतो आणि तेथे २८ तारखेला ३ मैलांची सॅव्हिल्स चेस असते. आयरिश ट्रेनरने घरचे बक्षीस सोडून एखादा घोडा समुद्रापलीकडे पाठवला, तर सपाट, उजवे मैदान त्या घोड्याला मानवेल असे त्याने ठरवलेले असते. २०२३ चा हेविक हे त्याचे विलक्षण उदाहरण आहे. केवळ ८५० युरोंना विकत घेतलेला हा आयरिश घोडा शर्यतीत बराच वेळ मागे होता आणि अखेरच्या टप्प्यात सर्वांना गाठून जिंकला.

ट्रेनरांच्या इतिहासात पॉल निकोल्स यांचे नाव अग्रभागी आहे. कॉटो स्टारचे ५ विजय (२००६ ते २००९ आणि २०११) धरून या शर्यतीत त्यांच्याइतके विजय कोणाच्याच नावावर नाहीत. तरीही ट्रेनरचे नाव आढाव्यात पूरक पुरावा म्हणूनच यावे. त्यावर निष्कर्ष उभारू नये.

शर्यत कोणत्या वेगाने धावेल

आढावा लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोक्याने करायचे सर्वांत महत्त्वाचे काम हे आहे, आणि बहुतेक आढाव्यांत नेमके हेच राहून जाते. रिंगणातील घोड्यांपैकी कोणाला आघाडीवर धावायची सवय आहे, याची यादी करावी. असा घोडा एकच असेल तर तो स्वतःच्या लयीत, दमाने धावतो आणि त्याला पकडणे अवघड होते. असे दोन-तीन असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याची वाट मोकळी होते.

फ्रोडन या घोड्याने ही दोन्ही रूपे लागोपाठच्या दोन वर्षांत दाखवली. २०२० मध्ये ब्रायोनी फ्रॉस्ट यांनी त्याला सुरुवातीपासून पुढे ठेवले, फारसे कोणी आव्हान दिले नाही, आणि त्याने अखेरपर्यंत आघाडी सोडली नाही. ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला जॉकी ठरल्या. २०२१ मध्ये मात्र त्या वर्षीचा चेल्टनहॅम गोल्ड कप विजेता मिनेला इंडो त्याच्याशी पुढे भिडला, दोघेही त्या झटापटीत खर्ची पडले, आणि पैजांत २८ ला १ भाव असलेला, म्हणजे फारशी अपेक्षा नसलेला टॉर्नेडो फ्लायर मागून येऊन जिंकला. घोडा तोच, मैदान तेच. फरक पडला तो सोबत कोण धावत होते याने. म्हणून आढाव्यात प्रत्येक घोड्याचा सुटा परिचय देऊन थांबू नये. पहिल्या वळणावर कोण कोठे असेल आणि सरळ टप्प्यातल्या अखेरच्या अडथळ्यांकडे येताना कोणाजवळ दम उरलेला असेल, याचे एक सलग चित्र वाचकापुढे उभे करावे.

त्या दिवसाच्या इतर शर्यती

किंग जॉर्जखेरीज त्याच दिवशी २ मैलांची ख्रिसमस हर्डल आणि नवख्या चेस घोड्यांसाठी ३ मैलांची, कॉटो स्टारचे नाव असलेली शर्यत असते. हर्डलचे अडथळे सुमारे साडेतीन फुटांचे व आघाताने लवणारे असतात, तर चेसचे अडथळे किमान साडेचार फुटांचे आणि घट्ट बांधलेले. त्यामुळे हर्डलमध्ये उडीपेक्षा वेगाला अधिक मोल असते. कॉन्स्टिट्यूशन हिलने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे ख्रिसमस हर्डल जिंकली. नवख्यांच्या शर्यतीत आकड्यांपेक्षा उड्यांची सफाई पाहावी. उरलेल्या शर्यतींत हँडिकॅप असतात आणि त्यांत ३ मैलांसाठी एक पौंड म्हणजे एक लांबी असा ढोबळ हिशेब चालतो. मुख्य तीन शर्यतींना आढाव्याचा बराचसा भाग द्यावा; हँडिकॅपमधून एक-दोन घोडे कारणांसह निवडले तरी पुरे आहे.

लिहिताना आणि लिहिल्यानंतर

प्रत्येक मुख्य शर्यतीसाठी आधी अपेक्षित जमीन, मग वेगाचे चित्र, मग निवड, आणि शेवटी ती निवड कोणत्या परिस्थितीत बदलेल हे लिहावे. ‘रात्री पाऊस होऊन जमीन सॉफ्ट झाली तर माझी पसंती दुसऱ्या घोड्याला’ असे स्पष्ट वाक्य वाचकाला पाच घोड्यांच्या गोलमोल स्तुतीपेक्षा जास्त उपयोगी पडते. पैजांचे भाव लिहायचेच असतील तर ते कोणत्या वेळचे आहेत ते नोंदवावे, आणि वाचकाला पैसे लावण्याची घाई होईल अशी भाषा टाळावी. एखाद्या घोड्याला दुखापतीचा इतिहास असेल तर तो लपवू नये. १९६५ चा विजेता आर्कल १९६६ मध्ये शर्यतीदरम्यान खुरातील हाड मोडूनही दुसरा आला आणि पुन्हा कधी धावला नाही. या खेळात घोड्याचा जीव पणाला लागतो, हे विसरून लिहिलेला आढावा प्रामाणिक राहत नाही.

भारतीय वेळ इंग्लंडच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असते. तेथे दिवस लहान असल्याने शर्यती दुपारच्या सुमारास सुरू होऊन अंधारापूर्वी संपतात, म्हणजे आपल्याकडे सायंकाळी पाच-सहापासून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. मसुदा आदल्या दिवशी, घोड्यांची अंतिम यादी आल्यावर पूर्ण करावा. शर्यतीच्या दिवशी आपल्या दुपारी तीन गोष्टी पुन्हा तपासाव्यात: पाहणीचा निर्णय, जमिनीचे ताजे वर्णन आणि माघार घेतलेले घोडे. पुढे धावणाऱ्या घोड्यांपैकी एकाने जरी माघार घेतली असेल, तर वेगाचे चित्र आणि त्यावर बेतलेली निवड दोन्ही नव्याने लिहावीत.