वळवाच्या वादळानंतर: मांडव उचलायच्या आधी

वळीव तासाभरात निघून जातो, मागे राहतो आडवा झालेला द्राक्षाचा मांडव. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागात अशा वेळी पहिला फोन जातो जेसीबीवाल्याला. जरा थांबा. आधी बागेत विजेची तार पडली आहे का बघा, कारण मांडवाच्या तारांमधून करंट लांबवर पोचतो. पडलेली दिसली तर आत पाऊल न टाकता महावितरणला १९१२ वर कळवा.

मग मोबाइल काढा. लोकेशन चालू ठेवून चारही बाजूंनी फोटो घ्या. मांडवाचे वाकलेले लोखंडी अँगल, उन्मळलेली खोडं यावीतच, पण एखाद्या फोटोत विहीर, पंपघर किंवा बांधावरचं झाडही येऊ द्या. नुसत्या मोडक्या वेलींचा फोटो कुणाच्याही बागेचा असू शकतो. पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी फोन करा, शिवाय लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सरकारी मदतीला किमान ३३ टक्के नुकसान लागतं. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या सरकारी नोंदीत ऊस आणि रानात द्राक्ष असा प्रकार असेल, तर घोळ तिथंच होतो.

विम्याचं खातं वेगळं. पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळलं असं नाही, आणि दरवर्षी कितीतरी जण इथंच अडकतात. फळपीक विम्यात गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल, किंवा केळीला वाऱ्याचा फटका बसला असेल, तर ७२ तासांत पीक विम्याच्या १४४४७ या हेल्पलाइनवर कळवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. संरक्षण कधीपर्यंत आहे ते पावतीवर पाहा. मांडवाचे अँगल आणि तारा मात्र पीक विम्यात येत नाहीत.

पंचनामा झाला की मांडव. खरड छाटणीनंतरची (उन्हाळ्यात वेल खरडून छाटल्यावर फुटलेली) काडी आत्ता कोवळी आहे आणि पुढच्या हंगामाचा घड तिच्यातच धरायचा आहे, म्हणून ट्रॅक्टर लावून एका दमात ओढू नका. कडेच्या ताणाच्या तारा सैल करा, टेकू देत रांगेरांगेनं थोडाथोडा उचला. खोडाच्या बुडाशी जमीन फाटली असेल तर ओल आहे तोवरच वेल सरळ करून माती दाबा. रान वाळल्यावर ओढलं तर उरलेली मुळंही तुटतात. पिचलेल्या फुटी स्वच्छ कापा, मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. साचलेलं पाणी चर काढून बाहेर घाला. अशा ओल्या हवेत कोवळ्या फुटीवर करपा हा बुरशीचा रोग येतो. औषध दुकानदाराला विचारून नव्हे, पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला पाहून ठरवा.

ऊस नुसता लोळला असेल तर त्याच्यावर मजुरी घालू नका, शेंडा आपसूक वर वळतो.

पीककर्ज असेल तर पंचनाम्याची नक्कल जोडून सोसायटीच्या सचिवाकडे अर्ज आताच देऊन ठेवा. पुनर्गठनाचा, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्यानं बांधून देण्याचा निर्णय वरून येतो, पण तो आला की कागद हाताशी असलेले बरे.