परड्यातल्या झाडांची मुळं घुशीपासून कशी वाचवायची

मागच्या सुगीनंतर आमच्या परड्यातल्या शेवग्याच्या रोपानं एका रात्रीत मान टाकली, पाणी कमी पडलं असेल म्हणून मी दोन दिवस घागरी ओतत बसलो आणि तिसऱ्या दिवशी धरून हलवलं तर रोप सरळ हातात, खाली मूळच नाही! बेळगाव-खानापूरकडं भात कापून झालं की शिवारातल्या घुशी न् उंदीर घराकडं सरकतात, त्यात परड्यात रताळी, हळद, केळी असली की मग बघायलाच नको.

आधी घूसच आहे का बघा, कारण हुमणीनं मुळं खाल्ली तरी रोप असंच वाळतं. पण हुमणीला बीळ नसतं, बुडात उकरलं की पांढरी वाकडी अळी सापडते. घुशीच्या (कन्नडात हेग्गण म्हणतात तीच) बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो. संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवा, जवळ एकेक काडी रोवा, सकाळी जी उघडलेली दिसतील तेवढीच चालू, बाकीच्यांत वेळ घालवू नका.

आता खरं काम म्हणजे जाळी. अर्धा इंची भोकांची वेल्डेड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी आणा, कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी नको, तिच्यातनं घुशीची पिल्लं आरामात जातात आणि ती लवकर गंजते पण, आणि प्लास्टिकची तर घूस कुरतडून टाकते. नवीन रोपासाठी दीड फूट खोल खड्डा काढून जाळीची टोपली करून बसवा, काठ जमिनीच्या वर चार बोटं ठेवा. झाड मोठं होणारं असेल तर टोपली चांगली रुंद करा, नाहीतर पुढं मुळंच आवळतात. हळदीच्या वाफ्याला तळाशी आणि चारी बाजूंनी जाळी घाला, जोड असेल तिथं एकावर एक चढवून तारेनं बांधा, मी एका कोपऱ्यात कंटाळा केला आणि घूस बरोबर तिथनंच आत आली. अख्ख्या परड्याला करायचं तर दीड-दोन फूट खोल चर मारून जाळी उभी पुरा आणि खालचा अर्धा फूट बाहेरच्या बाजूला दुमडा.

आत राहिलेल्यांना पिंजरा, तो पण मोठा, उंदराचा छोटा चालत नाही. भिंतीच्या कडेनं ठेवा, पहिल्या दोन-तीन रात्री दार बांधून उघडंच ठेवा आणि आत भजी नाहीतर भाजलेलं खोबरं टाका, घूस लई संशयी, सवय झाली की मगच दाराचा चाप लावा. हात लावताना हातमोजे घाला, घुशीच्या मुतातनं लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो.

डांबराच्या गोळ्या, मिरचीपूड वगैरे सोडा, एक सर आली की वास गेला. विषाच्या बाबतीत मी नाहीच म्हणेन, झिंक फॉस्फाईडला उतारा नाही, कुत्रं-कोंबडी पण जाते. आणि बिळात टाकायच्या धुरीच्या गोळ्या घराजवळ चुकूनसुद्धा नको, विषारी गॅस बिळातनं घरात शिरतो आणि माणसं मेलीत त्यानं.

जळणाचा ढीग, विटांची थप्पी भिंतीपासून लांब न्या, कोंबड्यांचं खाद्य रात्री उचला. धामण दिसली तर मारू नका, ती आपलंच काम करते. आणि चर मारायचा तर मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर मारा, उन्हाळ्यात आमची तांबडी माती म्हणजे दगड, पहारीचं टोक वाकतं.